मैदान आधी, इमारती मग

बचतगटाच्या बैठकीत पाणी, रेशन, शाळा यांवर आपण बोलतो. मुलांना खेळायला जागा कुठे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आज आपण त्यावरच बोलू.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालय उभं राहिलं आणि 19 ऑगस्ट 2021 रोजी त्याचं उद्घाटन झालं. शासनाने इथली आणि आसपासच्या गावांतली सुमारे 440 हेक्टर जमीन या कामासाठी सिडकोकडे दिली. त्यातली 103 हेक्टर मुख्यालयासाठी आणि बाकीची 337 हेक्टर नव्या शहरासाठी. शहर वसलं की शेजारच्या गावांतही प्लॉट पडतात, चाळींच्या जागी इमारती येतात. म्हणून हा विषय फक्त कोळगावचा नाही.

मोकळी जागा दोन प्रकारे मिळते, हे आपण नीट समजून घेऊ.

पहिला प्रकार लेआउटमधला. राज्याच्या बहुतेक भागाला 2020 ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तिच्यानुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना सर्वसाधारणपणे 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकराला चार गुंठे झाले. ही जागा तिथे राहणाऱ्या सगळ्यांच्या सामाईक वापराची असते.

चार गुंठ्यांत काय बसतं? मुलींच्या कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं, म्हणजे साधारण एक गुंठा. ते बसेल, शेजारी झोपाळा आणि म्हाताऱ्या माणसांना बाकंही बसतील. पण खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. ते एकटंच चार गुंठ्यांच्या वर जातं. फुटबॉल, क्रिकेटची तर गोष्टच सोडा.

म्हणून दुसरा प्रकार महत्त्वाचा, तो म्हणजे विकास आराखड्यातलं आरक्षण. मोठं क्रीडांगण, बाग यांच्यासाठी जागा नकाशावरच राखून ठेवतात. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. नोटिशीत मुदत लिहिलेली असते. ती गेली, की आपलं म्हणणं मांडणं अवघड होतं.

आणि आरक्षण झालं म्हणजे मैदान झालं, असं नाही. जमीन खाजगी मालकाची असेल आणि आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत जमीन घेण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण सुटतं. नकाशावरचा हिरवा तुकडा असा हातचा जातो.

राखलेली जागा दुसऱ्याच कामाला दिली, तर? बंगळुरूत बागेसाठी ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बागेच्या बाजूने दिला. रुग्णालय चांगलंच, पण ते बागेच्या जागेवर नको.

आता आपल्या बाजूचं. जागा असूनही मुली तिथे जात नसतील, तर ते मैदान अर्ध्याच गावाचं. संध्याकाळी दिवा हवा, प्यायला पाणी हवं, जवळ स्वच्छतागृह हवं. मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आपल्याकडे पाऊस भरपूर, म्हणून पाण्याचा निचरा हवा, नाहीतर चार महिने मैदानाचं तळं होतं. कडेने झाडं लावली तर उन्हातही आयाबायांना बसता येईल.

म्हणून पुढच्या बैठकीत गटाने एवढं करावं. ग्रामपंचायतीत किंवा नियोजन कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा. मोकळी जागा कुठे, किती गुंठे, तिथे जायला रस्ता आहे का आणि सांभाळणार कोण, हे चार प्रश्न विचारावेत. मग महिला ग्रामसभेत विषय मांडून ठराव लिहून घ्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

पाया खणण्याआधी मागितलेली जागा मिळू शकते. इमारत उभी राहिल्यावर ती कुठून आणायची?