कान तयार व्हायला दोन वर्षे

‘बाळ’ आणि ‘गाळ’ हे शब्द ऐकताना आपण अडखळत नाही. दोन्हींतला फरक मात्र केवळ पहिल्या व्यंजनाचा आहे आणि तो आवाजाच्या सुरुवातीलाच, सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतो. कान आवाज टिपतो. ‘ब’ कोणता आणि ‘ग’ कोणता याची निवड कानापासून मेंदूपर्यंतच्या श्रवणमार्गात होते. वाचायला शिकणाऱ्या मुलाला अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायची असते. उच्चारच पुसट पोचला तर ही सांगड बसायला उशीर लागतो.

एका खोलीचे घर, सतत चालू टीव्ही, दाराबाहेर रहदारी आणि दिवसभर कामावर गेलेले आईवडील. अशा घरातल्या मुलाच्या कानावर आवाज भरपूर पडतो, निवांत संभाषण मात्र कमी. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये किशोरवयीन मुलांच्या श्रवणमार्गाची तपासणी प्रसिद्ध केली. कमी शिकलेल्या आईच्या मुलांमध्ये आवाजाची नोंद अधिक अस्पष्ट होती. आईचे शिक्षण इथे घरच्या आर्थिक स्थितीचे माप म्हणून घेतले होते. त्यात आईचा दोष नाही.

ही नोंद सुधारता येते का? याचे उत्तर लॉस एंजेलिसमधील शाळेनंतरच्या एका संगीतवर्गाने शोधायला मदत केली. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक मार्गारेट मार्टिन यांनी २००१ मध्ये तिथे ‘हार्मनी प्रोजेक्ट’ सुरू केला. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना वाद्य आणि शिक्षण दोन्ही मोफत मिळते. मुलाने शालेय शिक्षण संपेपर्यंत टिकून राहावे, अशी अपेक्षा असते.

या वर्गासाठी प्रतीक्षायादी होती. क्राउस यांच्या गटाने तिचाच उपयोग केला. काही मुलांना लगेच प्रवेश मिळाला, काहींना वर्षभर थांबावे लागले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मुलांना ‘बा’ आणि ‘गा’ ऐकवले आणि श्रवणमार्गातील विद्युतलहरी नोंदवल्या. या तपासणीत सुई नाही, वेदनाही नाहीत. २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये निष्कर्ष आले. एक वर्ष शिकलेल्या मुलांत ठळक फरक दिसला नाही. दोन वर्षे शिकलेल्या मुलांच्या मेंदूत मात्र दोन्ही उच्चार अधिक स्पष्टपणे वेगळे नोंदले जात होते.

त्याच प्रकल्पातील आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. केवळ संगीताची ओळख करून देणाऱ्या वर्गातील मुलांपेक्षा प्रत्यक्ष वाद्य हातात घेतलेल्या मुलांचा श्रवणमार्ग अधिक तत्पर आढळला. वाजवताना मूल सूर ऐकते, चुकलेला ओळखते, बोट सरकवते, पुन्हा ऐकते. लक्ष, स्मरण, हालचाल आणि जमल्याचा आनंद हे सगळे एकाच वेळी कामाला लागतात. संगीतातले जाणकार ‘कान तयार होणे’ म्हणतात, ते याहून फार वेगळे नसावे.

मात्र यातून ‘गाणे शिका, गुण वाढवा’ अशी जाहिरात करणे चुकीचे ठरेल. १९९३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील एका छोट्या प्रयोगातून ‘मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते’ असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तो परिणाम एका प्रकारच्या कोड्यापुरता होता आणि काही मिनिटांतच ओसरत होता. २०२० मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात, नीट तुलनागट असलेल्या अभ्यासांपुरते पाहिले तर, संगीत शिकल्याने बुद्ध्यांक किंवा शालेय प्रगती वाढल्याचे दिसले नाही. व्हेनेझुएलात होसे आंतोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये उभारलेल्या ‘एल सिस्तेमा’ या मोफत वाद्यवृंद चळवळीची चाचणी सुमारे ३ हजार मुलांवर झाली. तिथेही बौद्धिक चाचण्यांत फरक पडला नाही. आत्मसंयम मात्र सुधारलेला आढळला. हार्मनी प्रोजेक्टचा अभ्यासही जेमतेम ४४ मुलांचा होता, हे विसरू नये.

आपल्याकडेही असे प्रयत्न आहेत. गोव्यात ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ २००९ पासून वंचित मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवते. व्हायोलिनवरचे निष्कर्ष हार्मोनियम-तबल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ऐकणे, जुळवणे, चूक सुधारणे हा गाभा रियाजातही आहे. वस्तीतल्या समाजमंदिरात, बालवाडीच्या खोलीत संध्याकाळी तासभर तो होऊ शकतो.

त्याआधी मुलांचे कान तपासून घ्यावेत. दाटीवाटीच्या वस्तीत लहान मुलांचे कान वाहणे सर्रास दिसते, आणि ‘मोठेपणी आपोआप थांबेल’ म्हणून ते अंगावर काढले जाते. अशा कानात तेल किंवा औषधी पाला पिळू नये, काडी घालू नये, पाणी जाऊ देऊ नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. पडद्याला भोक पडून ऐकू कमी येत असेल तर ते मूल वर्गात ‘ढ’ ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येते. ऐकण्याची तक्रार त्यांच्या कानावर जरूर घालावी.

खरी अडचण दोन वर्षे टिकण्याची आहे. खोलीचे भाडे वाढले की कुटुंब दुसऱ्या वस्तीत जाते. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलीला घरी ठेवले जाते. देणगीदारांचे अनुदान बहुधा एका वर्षाचे असते; मुलांचे फोटो निघतात, कार्यक्रम होतो आणि वर्ग बंद पडतो. म्हणून असा वर्ग काढणाऱ्यांनी पहिली पेटी विकत घेण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकाच्या पगाराची सोय करावी. आणि धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत पाठवू नये. त्यालाही सतरंजीवर बसायला जागा द्यावी.