दंडावरच्या पट्ट्याला न दिसणारा रक्तदाब

ठाण्याच्या कोलशेत रोडला जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते, तिथे आता वीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत. चाळीत किंवा बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत राहणाऱ्याला आपल्याला आता लवकर दम लागतो हे जिन्यावरच कळायचं. टॉवरमध्ये ते कळायला लिफ्ट बंद पडावी लागते. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली की घरचे म्हणतात, वजन वाढलंय. शेजारी म्हणतात, घोडबंदरची धूळ. स्वतःला वाटतं, वय झालं. बीपी मोजलं तर 120/80, ऑक्सिमीटरवर 97. मग विषय तिथेच मिटतो.

बहुतेकदा यातलंच काहीतरी खरं असतं. काही वेळा मात्र हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमध्ये दाब वाढलेला असतो. यालाच पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. त्याच्या काही प्रकारांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत दोन-दोन वर्षं निघून जातात, असं अनेक देशांतल्या नोंदींत आढळलं आहे. हा वेळ जाण्यामागे पुढचे गैरसमजही आहेत.

आधी ऑक्सिजनची वाट

आपण आत घेतो त्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडलेल्या श्वासातही 16 टक्क्यांच्या आसपास उरतो. फुप्फुसांतले कोट्यवधी वायुकोश उलगडून पसरले, तर जवळजवळ 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. वायुकोश आणि रक्त यांच्यातला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. या पडद्यापाशी लाल पेशी जेमतेम पाऊण सेकंद असते. निरोगी फुप्फुसात तेवढ्या वेळाच्या पहिल्या एकतृतीयांश भागातच ती ऑक्सिजनने भरून जाते. हातचं राखून ठेवलेला हा वेळ असल्यामुळेच आजार बराच पुढे गेला, तरी बसल्या जागी काही जाणवत नाही.

ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम हिमोग्लोबिनचं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन 15, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 15 ग्रॅम असेल, तर तेवढ्या रक्तात 20 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो; नुसता विरघळून जाणारा भाग 0.3 मिलिलिटरच. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, आणि या सगळ्याच्या सगळ्या रक्ताला आधी फुप्फुसांतून जावं लागतं.

हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांत ढकलते, डावी बाजू साऱ्या शरीरात. फुप्फुसांचा फेरा जवळचा, तिथल्या रक्तवाहिन्या मऊ, म्हणून सरासरी दाब पाऱ्याच्या 14 मिलिमीटरच्या आसपास पुरतो. शरीरातला सरासरी दाब 90 च्या घरात असतो. साहजिकच उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या मानाने बरीच पातळ असते. फुप्फुसांतला दाब चढला की या पातळ भिंतीवर ताण येतो. ती आधी जाड होते, पुढे कप्पा फुगतो आणि शेवटी थकतो.

गैरसमज 1: बीपी नॉर्मल आहे, मग दाब कसला?

वस्तुस्थिती: दंडावरचा पट्टा शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब मोजतो. फुप्फुसांतला दाब त्याला कळत नाही. दंडावर 110/70 असताना फुप्फुसांत तिथल्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दाब असू शकतो.

म्हणूनच ‘बीपीचीच गोळी थोडी वाढवू’ हा घरगुती उपाय धोक्याचा. बीपीच्या काही गोळ्या, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गटातल्या, फुप्फुसांच्या दाबावरही देतात. पण त्या लागू पडतील असे रुग्ण थोडे, आणि ते कोण हे कॅथलॅबमधल्या चाचणीवरून ठरतं. इतरांना त्यांचा अपाय होऊ शकतो. उलट दिशेचा संबंध मात्र खरा आहे: दंडावरचं बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं तर हृदयाचा डावा कप्पा ताठर होतो आणि त्यातून फुप्फुसांतला दाब वाढू शकतो.

गैरसमज 2: ऑक्सिमीटरवर 98 म्हणजे शरीराला ऑक्सिजन पुरतोय

वस्तुस्थिती: कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघरी आला. पण तो आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय एवढंच सांगतो. हिमोग्लोबिन मुळात आहे किती, हे नाही. समजा एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन 7.5 आहे. तिच्या बोटावर 98 दिसेल, पण तिचं 100 मिलिलिटर रक्त 20 ऐवजी 10 मिलिलिटरच ऑक्सिजन नेत असेल. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. दम लागतो म्हणून आलेल्या बाईची सीबीसी ही रक्ततपासणी आधी करतात ती यासाठीच. पल्मनरी हायपरटेन्शनमध्येही सुरुवातीला बसून मोजलेला आकडा चांगला येतो. म्हणून डॉक्टर सहा मिनिटं चालायला लावतात, आणि चालल्यावर आकडा किती उतरतो ते बघतात.

गैरसमज 3: शिरांमधलं रक्त निळं असतं

वस्तुस्थिती: शाळेच्या तक्त्यावर ते निळं रंगवतात, एवढंच. शरीरभर फिरून आलेल्या रक्तातही विश्रांतीच्या वेळी 70-75 टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं असतं. ते गडद लाल असतं. त्वचेतून शिरा निळसर भासतात. ओठ आणि नखं खरोखर निळी पडू लागली, तर मात्र ते ऑक्सिजन फार कमी झाल्याचं लक्षण समजून लगेच दवाखाना गाठावा.

गैरसमज 4: इकोच्या रिपोर्टवर ‘पीएएच’ लिहिलंय, आता दोन-तीन वर्षांचा खेळ

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घबराट इथेच होते. टूडी इकोच्या रिपोर्टच्या तळाशी ‘माइल्ड पीएएच’ किंवा ‘मॉडरेट पीएएच, आरव्हीएसपी 52’ अशी ओळ असते; आरव्हीएसपी म्हणजे उजव्या कप्प्यातला दाब. नातेवाईक मोबाइलवर ‘पीएएच’ शोधतात आणि वाचतात की, निम्मे रुग्ण 2.8 वर्षांत दगावतात. तो आकडा अमेरिकेतल्या 1980 च्या दशकातल्या नोंदींचा आहे, या आजारावर नेमकं औषधच नव्हतं तेव्हाचा. शिवाय आपल्याकडे इकोवर दाब जास्त दिसला की सरसकट ‘पीएएच’ लिहायची पद्धत पडली आहे. खरा पीएएच, म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, हा पल्मनरी हायपरटेन्शनच्या पाच गटांपैकी फक्त पहिला, आणि दुर्मीळ.

सर्वांत मोठा गट दुसरा. त्यात मूळ दुखणं हृदयाच्या डाव्या बाजूला असतं. गायमुखचा घाट अडला की गाड्यांची रांग मागे सरकत कापूरबावडीपर्यंत येते, तसं डाव्या बाजूला रक्त तुंबलं की त्याचा दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. आपल्याकडे याचं जुनं कारण म्हणजे लहानपणीचा संधिवाताचा ताप. घसा दुखतो, सांधे सुजतात, ताप बरा होतो. आणि काही वर्षांनी हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसलेली सापडते, पुष्कळदा बाईच्या पहिल्या गरोदरपणात. नवी कारणं म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेलं बीपी.

तिसरा गट फुप्फुसांच्या आजारांचा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा तर तो आहेच, पण मुरबाड-शहापूरकडच्या घरांत आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांचाही आहे. ज्या भागात हवा कमी पोचते तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेणं हा फुप्फुसाचा स्वभाव; सगळीकडेच हवा कमी पडली की सगळ्याच आकसतात आणि दाब चढतो. रात्री घोरताना श्वास अडकणारी मंडळीही याच गटात येतात. चौथा गट फुप्फुसांत अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्यांचा. पाचव्यात इतर कारणं: विदर्भात आणि पालघर-नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हे त्यातलंच एक.

तेव्हा ‘पल्मनरी हायपरटेन्शन आहे’ हे निम्मंच निदान झालं. ‘कशामुळे’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि आयुष्याचा अंदाजही बांधता येत नाही.

गैरसमज 5: इको झाला, आता आणखी तपासण्या कशाला?

वस्तुस्थिती: इकोमध्ये दाब मोजत नाहीत, झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून त्याचा अंदाज काढतात. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. पक्का आकडा उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशनमधून मिळतो: मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. अँजिओग्राफीत धमनीतून जातात, इथे शिरेतून. सरासरी दाब 20 च्या वर निघाला तर तो वाढलेला मानतात. 2018 पूर्वी ही रेषा 25 वर होती. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने 1929 मध्ये अशी नळी स्वतःच्याच दंडातून हृदयात सरकवली आणि तसाच एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला. पुढे 1956 मध्ये त्याला आणि आणखी दोघांना नोबेल मिळालं. आजाराचं मूळ हृदयाच्या डाव्या बाजूला आहे हे उघड असेल, तर प्रत्येकाला कॅथ लागतंच असं नाही. पण पहिल्या गटाची महागडी औषधं कॅथशिवाय सुरू करणं बरोबर नव्हे.

गैरसमज 6: हा म्हातारपणाचा आजार

वस्तुस्थिती: पहिल्या गटात तरुण स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी गरोदरपण जिवावर बेतू शकतं. म्हणून लग्न आणि मूल हा विषय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायलाच हवा.

मुलांमध्ये हृदयाला जन्मतः मोठं छिद्र असेल तर फुप्फुसांत जास्तीचं रक्त जात राहतं. वेळेत बुजवलं तर मूल धडधाकट होतं. वर्षं गेली तर रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात, प्रवाह उलटतो, मूल निळं पडतं, आणि मग छिद्र बुजवणंच घातक ठरतं. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं होतं. अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, सुरू झाला. हृदयात दोष सापडलेल्या मुलांची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरांनी ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हटलं, तर ते पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचाही इथे संबंध आहे. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स नावाची गोळी घेणाऱ्यांमध्ये हा आजार साथीसारखा वाढला होता. जिममधून किंवा ऑनलाइन मागवलेली गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

गैरसमज 7: घरी ऑक्सिजन लावला की झालं

वस्तुस्थिती: ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी आहे त्यांना त्याचा खरा उपयोग होतो, आणि तो किती लिटर, किती तास हे डॉक्टर ठरवतात. ज्यांचा आकडा चांगला आहे त्यांची जाड झालेली रक्तवाहिनी नुसत्या कॉन्सन्ट्रेटरने मऊ होत नाही. उंचीचा मात्र विचार करावा. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर आहे. लेह 3500 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. आजार असलेल्यांनी लडाखची तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज 8: डॉक्टरांनी ‘तसली’ गोळी लिहून दिली

वस्तुस्थिती: सिल्डेनाफिल वायग्रा म्हणून प्रसिद्ध झालं, पण ते फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करतं, आणि 2005 पासून अमेरिकेत पीएएचसाठी मान्यताप्राप्त आहे. बायकांना आणि लहान मुलांनाही ते देतात. लाजेपोटी ते मध्येच सोडू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी याच्याबरोबर घेतली, तर बीपी एकदम कोसळतं. दोन्ही गोळ्या घरात असतील तर त्या लिहून देणाऱ्या दोन्ही डॉक्टरांना ते माहीत हवं.

गैरसमज 9: यावर इलाजच नाही

वस्तुस्थिती: आकसलेली मायट्रल झडप पुष्कळदा जांघेतून फुगा नेऊन उघडता येते, आणि फुप्फुसांतला दाब उतरतो. जुन्या गुठळ्या शस्त्रक्रियेने खरवडून काढता येतात. चौथ्या गटातल्या निवडक रुग्णांचा आजार त्यामुळे जवळजवळ बराच होतो. पण त्यासाठी गुठळी शोधणारा व्हीक्यू स्कॅन कोणीतरी आठवणीने करायला हवा. पहिल्या गटासाठी 1995 मध्ये इपोप्रोस्टेनॉल आलं, 2001 मध्ये बोसेन्टान, आणि 2024 मध्ये अमेरिकेत सोटाटरसेप्टला मान्यता मिळाली. या गटात आजार मुळापासून जात नाही, पण आयुष्य आणि चालण्याची ताकद वाढते. ‘पडून राहा’ हा सल्लाही आता जुना झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा हलका व्यायाम फायद्याचा ठरतो.

कोलशेतकरांनी काय करावं?

महिन्यातून एकदा लिफ्ट सोडून आपल्या सवयीच्या चालीने दोन मजले चढून पाहा. गेल्या वर्षी जमत होतं ते यंदा जमत नसेल, पाय सुजत असतील, पोट फुगल्यासारखं वाटत असेल, तर फॅमिली डॉक्टरांना सांगून सीबीसी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको करून घ्या. दाब जास्त निघाला, तर रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना चार प्रश्न विचारा: हे कोणत्या गटातलं? हृदयाची डावी बाजू कशी आहे? गुठळीचा स्कॅन हवा का? कॅथ लागेल का? आणि जिना चढताना किंवा बसमागे धावताना भोवळ येऊन पडलात, तर त्याच दिवशी दाखवा. उजवा कप्पा थकत चालल्याची ती खूण असू शकते.