लालबागहून कलिना : मानसशास्त्राची वाट

बारावीचा निकाल लागला की पालक सल्ला विचारायला आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीत राहणारी आमची एक विद्यार्थिनी अब्बा, चाचा आणि दादी यांना घेऊन आली. अब्बा टॅक्सी चालवतात. मुलीला मानसशास्त्र शिकायचे होते. चाचा म्हणाले, "बाई, वेड्यांची डॉक्टर होऊन काय करणार? उद्या स्थळं आली तर काय सांगायचं?"

आम्ही काही बोलायच्या आत दादी म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना तेव्हा असं कुणी भेटलं असतं तर?"

मग त्यांनी जे सांगितले, ते मुलांनीही पुरते ऐकलेले नव्हते. दादा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी आत गेले नाहीत. दादाही गेले नाहीत. आधी ते काम शोधत फिरले, मग फिरणे थांबले. जेवण तुटले, झोप उडाली, बोलणे बंद झाले. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी ताईत बांधला, कुणी आळशी ठरवले. केईएम रुग्णालय तर परळलाच होते. दादी म्हणाल्या, "खोकला झाला की केईएमला जायचं, एवढं ठाऊक होतं. मन बसलं की कुठं जायचं, ते कुणाला ठाऊक होतं?"

चाचा खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पण हे शास्त्र आपल्या लोकांचं आहे का?" आम्ही त्यांना अबू झैद अल-बल्खी यांच्याविषयी सांगितले. इसवी सन ९३४ मध्ये वारलेल्या या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. क्रोध, भीती, उदासी आणि वसवसा यांवर त्याने वेगवेगळे विवेचन केले. मनाच्या दुखण्याला दुखणे म्हणणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मधल्या काळात आपण ती विसरलो, इतकेच.

आता प्रश्न उरला पैशाचा आणि अंतराचा. मोठ्या नावाच्या कॉलेजात जागा मिळाली नाही, म्हणून मुलगी खट्टू झाली होती. आम्ही तिला समजावले, की घराजवळून सुरुवात करणे म्हणजे मागे पडणे नव्हे. अमेरिकेत १९०१ साली पहिले सरकारी ज्युनियर कॉलेज निघाले. तिथे आजही कितीतरी मुले पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कमी फीवर काढतात आणि पुढची दोन विद्यापीठात. आपल्याकडे पदवी संलग्न कॉलेजातून मिळते, पण ती मुंबई विद्यापीठाचीच असते. गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन असो, माटुंग्याचे रुईया असो की गल्लीच्या टोकाचे कॉलेज असो, एम.ए.साठी कलिन्याच्या विद्यानगरीत जाण्याची वाट सगळीकडून आहे.

मात्र त्या वाटेवर एक खाचखळगा होता आणि तो आमच्याही लक्षात आला नाही. मुलीने जवळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला इतर विषयांबरोबर मानसशास्त्र घेतले. दुसरे वर्षही छान गेले. तिसऱ्या वर्षी कळले, की तिथे या विषयाचे सहाही पेपर नाहीत, तीनच आहेत. उरलेले तीन दुसऱ्या विषयाचे घ्यावे लागणार होते. पूर्ण मानसशास्त्र हवे असेल तर कॉलेज बदला, असे उत्तर मिळाले. मग ऐन जूनमध्ये दाखला, ना-हरकत पत्र, गुणपत्रिका घेऊन अब्बांची टॅक्सी या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरली. शेवटच्या आठवड्यात जागा मिळाली. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला असता, तर ही धावपळ टळली असती. सल्ला आम्ही दिला होता, म्हणून चूकही आमचीच.

महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी पद्धत आली आहे. आता 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे जोडविषय अशी भाषा आहे. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा : इथे मानसशास्त्र मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का? मिळवलेली क्रेडिट्स आता अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. त्यामुळे कॉलेज बदलले तरी केलेला अभ्यास वाया जाऊ नये, अशी सोय आहे. मुलीचे खाते उघडले आहे का आणि त्यात क्रेडिट्स जमा होतात का, हे दर वर्षी पाहा. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे असते, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एका वर्षाचे.

आणखी एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा. बी.ए. झाल्याबरोबर कुणी उपचार करू लागत नाही. समुपदेशनासाठी एम.ए. आणि प्रत्यक्ष कामाचा सराव हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, आणि तो आधी एम.बी.बी.एस. झालेला असतो. वाट लांब आहे, हे सुरुवातीलाच ठाऊक असले की घरचे मध्येच लग्नाची घाई करत नाहीत.

आमची विद्यार्थिनी कलिन्याला पोहोचली. करी रोडहून धीमी गाडी, कुर्ल्याला उतरून पुढे बस, असा दोन वर्षांचा प्रवास झाला. आज ती एका शाळेत समुपदेशक आहे. मुले तिच्याशी मराठीत बोलतात, त्यांच्या आया उर्दूत बोलतात आणि तिला दोन्ही कळते. अशी माणसे आपल्या वस्त्यांत फार थोडी आहेत.

दादी आता थकल्या आहेत. शेजारची कुणी "माझा मुलगा हल्ली बोलत नाही" म्हणाली, की त्या ताईत सांगत नाहीत. आधी नातीचा नंबर देतात. तिचा फोन लागला नाही तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक सांगतात. तो त्यांनी नातीकडून पाठ करून घेतला आहे.