भिंगरीचें घरटें आणि माणसाचें घर

पावसाळा उतरणीस लागला, म्हणजे महाराष्ट्रांतील माळांवर, तळ्यांच्या कांठीं व रस्त्यांलगतच्या तारांवर लहान पक्ष्यांच्या रांगा दिसूं लागतात. पाठ निळसर काळी, कपाळ व गळा तांबूस, पोट पांढुरकें आणि शेपूट कातरीसारखें दुभंगलेलें; वजन अवघें दीड-दोन तोळे. हीच माळभिंगरी. ती येथें फक्त हिंवाळा काढते. तिचें घरटें हिमालयांत व त्याच्या उत्तरेकडील प्रदेशांत असतें. आणि तें बहुधा माणसाच्याच घरांत असतें, हा तिचा मोठा विशेष होय.

पुरातन काळीं या भिंगऱ्या गुहांत व कड्यांच्या कपारींत राहत. माणसानें छपरें उभारलीं, आणि त्यांनीं कपारी सोडून तुळयांचा आश्रय घेतला. काश्मिरांत वसंत ऋतु सुरू होतांच त्या ओसरींत, दुकानांत, प्रसंगीं राहत्या खोलींतहि शिरतात. नर व मादी दोघेंहि चोंचींतून ओल्या चिखलाच्या गोळ्या आणतात, गवताच्या काड्यांसह त्या एकावर एक बसवितात. हजारावर खेपा झाल्या, म्हणजे वाटीसारखें घरटें तयार होतें. त्यांत पिसांचें अंथरूण घालून मादी तांबूस ठिपक्यांचीं चार-पांच पांढरीं अंडीं घालते. पंधरा दिवसांत पिलें बाहेर पडतात. मग सुमारें तीन आठवडे आईबाप दिवसभर माशा व इतर उडते किडे धरून त्यांना भरवितात. घराचें भाडें अशा रीतीनें चुकतें होतें!

या पक्ष्याचा प्रवास केवढा, हें प्रथम एका घरामुळेंच कळलें. मे १९११ मध्यें इंग्लंडांतील जॉन मेसफील्ड नांवाच्या वकिलानें एका भिंगरीच्या पायांत खुणेचें कडें घातलें. डिसेंबर १९१२ मध्यें ती दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतीं एका शेतकऱ्याच्या घरांत सांपडली. दोन खंडांतील दोन अनोळखी घरें एका मूठभर जीवानें जोडलीं.

भिंगरी बहुधा वर्षानुवर्षें त्याच जागीं परत येते, जुनें घरटें डागडुजी करून वापरते. परंतु आतां तिला दारें बंद होत आहेत. गुळगुळीत भिंतीवर चिखल धरत नाहीं. कांचेची खिडकी उघडी नसते. फरसबंद अंगणांत ओली माती मिळत नाहीं. त्यांतून घरटें झालेंच, तर खालीं विष्ठा पडते, आणि झाडूच्या एका फटकाऱ्यानें सारी मेहनत धुळीस मिळते. यावरील उपाय मात्र अगदीं सोपा आहे. घरट्याच्या खालीं एक लहानशी फळी ठोकली, कीं जमीन स्वच्छ राहते. जपानांत घरट्याला शुभ मानणारे दुकानदार हेंच करीत आले आहेत.

सप्टेंबरांत पुण्याजवळच्या एखाद्या तारेवर भिंगऱ्यांची रांग बसते. त्यांतील एखादी तेथवर पोंचली असेल, ती कदाचित् दूर उत्तरेकडील कोण्या गृहिणीनें उगारलेला झाडू खालीं ठेवला, म्हणूनच.