दिव्याचा उजेड कागदाचा

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं एक चित्र आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं आणि तैलरंगातलं समजतात. दोन्ही समज चुकीचे. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी 1945-46च्या सुमारास ते कागदावर, जलरंगात केलं. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या. 2018 मध्ये कोल्हापुरात वारल्या तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’.

जलरंगात माणूस रंगवायला शिकायचं असेल, तर या चित्राची प्रत करावी, असं माझं ठाम मत आहे. नक्कल करू नका, असं मुलांना सरसकट सांगितलं जातं. ते मला पटत नाही. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. पुढच्या चित्रकारांना त्याचा केवढा उपयोग झाला!

पण प्रत करायची कशावरून? तुमसर तालुक्यातलं बपेरा गाव घ्या; ते मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. तिथून म्हैसूर हजार किलोमीटरहून लांब. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या तिथल्या मुलीला मूळ चित्र दिसणं अवघड. तिच्यापाशी असणार छापील चित्र. छपाईत रंग बदलतात, म्हणून त्यावरून रंग उचलू नयेत, उजेड-अंधाराची प्रमाणं उचलावीत. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे विरतात आणि मोठे आकार उरतात: ज्योतीजवळचा सर्वांत उजळ भाग, मग हात आणि चेहरा, मग साडी, शेवटी मागचा काळोख.

आता खरी मेख. तैलरंगात दिव्याचा उजेड शेवटी पांढऱ्या रंगाने घालता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ज्योत कुठे आहे हे पहिला वॉश देण्याआधीच ठरवून ती जागा सोडावी लागते. एकदा गडद झालेला भाग ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, पण प्रशियन ब्लूसारखे रंग कागदात मुरतात आणि पुरते निघत नाहीत.

म्हणून क्रम महत्त्वाचा. कागद जाड घ्यावा, 300 जीएसएमचा मिळाला तर उत्तम; पातळ असेल तर भिजवून बोर्डवर गमटेपने ताणावा. चौकटी आखून रेखाटन हलक्या पेन्सिलने उतरवावं. रबर घासू नये, कागदाचा पृष्ठभाग दुखावतो आणि तिथे रंग डागाळतो. चेहऱ्यावर आणि हातांवर यलो ऑकर व किंचित लाल यांचा पातळ वॉश द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. गालाची गोलाई दुसऱ्या थरात, कडा ओलसर ब्रशने विरवत आणावी. ज्योतीआड धरलेली बोटं तांबूस दिसतात, कारण प्रकाश त्यांतून पाझरतो. तिथे करडी सावली टाकली की हात निर्जीव झालाच. केसांना तयार काळा वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारा काळोख अधिक खोल दिसतो.

साडीपाशी मात्र बराच वेळ थांबावं. ती जांभळट आहे आणि उजेड पिवळा. रंगचक्रात हे दोन रंग समोरासमोर येतात, म्हणून शेजारी ठेवले की पिवळा झळकतो. पण ओले असताना एकमेकांत मिसळले, तर मळकट करडा तयार होतो. एवढं एक जरी हाताला कळलं तरी प्रतीचे कष्ट वसूल झाले!

प्रत पुरी झाली की खाली ‘हळदणकरांच्या चित्रावरून’ असं स्पष्ट लिहा, ती विकायला काढू नका. आणि याच दिवाळीत घरातल्या कुणाला तरी हातात पणती देऊन समोर बसवा, आणि या वेळी छापील चित्र बाजूला ठेवून रंगवा.