उच्छ्वासातली भूल

डेसफ्लुरेन हे भुलीचं औषध रुग्ण श्वासातून घेतो आणि जवळजवळ सगळं जसंच्या तसं बाहेर सोडतो. शरीरात त्याचं विघटन होतं ते जेमतेम ०.०२ टक्के, सेव्होफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या औषधाचं २ ते ५ टक्के. उरलेला वायू जिथे पसरू शकतो त्या ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, तंत्रज्ञ आणि साफसफाईच्या मावशी रोज वावरतात. रुग्ण तिथे काही तासांपुरता येतो, यांची मात्र सारी नोकरीच तिथे जाते. त्यांच्या श्वासाचा विचार फार उशिरा सुरू झाला.

आधीची धास्ती स्फोटाची होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. ईथर आणि १९३०च्या दशकात वापरात आलेला सायक्लोप्रोपेन, दोन्ही ठिणगी पडताच पेट घेणारे. हवेपेक्षा जड असल्यामुळे ते जमिनीलगत साचत. म्हणून विजेचे सॉकेट भिंतीवर उंच बसवत. फरशी वीज वाहून नेणारी असे, श्वास देण्याच्या नळ्यांच्या रबरात कार्बन मिसळलेला असे, लोकर आणि नायलॉनला मज्जाव असे. कोरड्या हवेत स्थिर वीज साचते, म्हणून थिएटरची हवा मुद्दाम दमट ठेवत. ही सगळी तजवीज मला फार मोलाची वाटते: दिसत नसलेल्या वायूचा माग तिथे फरशीपासून कपड्यांपर्यंत काढला होता.

१९५१ साली आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन तयार केलं आणि १९५६ मध्ये मँचेस्टरला मायकेल जॉनस्टन यांनी ते रुग्णांना दिलं. ते पेटत नव्हतं. स्फोटाची भीती सरली, आणि खोलीत सुटणाऱ्या वायूकडे लक्ष देण्याचं तातडीचं कारणही सरलं.

१९६७ साली सोव्हिएत संघातल्या वैसमन यांनी भूलतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ३१ गर्भारपणांपैकी १८ गर्भपातात संपल्याची नोंद होती. आकडा लहान, पण हादरवणारा. १९७४च्या अमेरिकी पाहणीतही थिएटरमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. या पाहण्या आठवणींवर आधारलेल्या होत्या, शिवाय रात्रपाळी, क्ष-किरण, दगदग यांचा वाटा वेगळा काढलेला नव्हता, हा आक्षेप रास्तच आहे. पण १९९२ मध्ये दंतवैद्यांच्या मदतनीस स्त्रियांचा अभ्यास झाला. वायू बाहेर ओढण्याची सोय नसलेल्या जागी आठवड्याला ५ किंवा जास्त तास नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना गर्भधारणा होणं अवघड जात होतं. सोय होती तिथे हा फरक दिसला नाही. माझ्या मते सगळ्या वादात लक्षात ठेवावा असा निष्कर्ष हाच.

कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणाऱ्या अमेरिकेच्या निओश संस्थेने १९७७ मध्ये मर्यादा सुचवली: हवेच्या दहा लाख भागांत नायट्रस ऑक्साइड २५ भाग, हॅलोथेनच्या जातीचे वायू २ भाग. ती शिफारस होती, कायदा नव्हे. तरी वायू ओढून घेणाऱ्या नळ्या थिएटरमध्ये आल्या.

या नळ्यांचं दुसरं टोक इमारतीबाहेर उघडतं. डेसफ्लुरेन वातावरणात सुमारे १४ वर्षं टिकतं आणि शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट उष्णता अडवतं. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीय निकड सोडून, त्याला बंदी आहे. नायट्रस ऑक्साइड तर शतकभर टिकतो आणि ओझोनचा थरही झिजवतो. एडिंबराच्या लोदियन भागातल्या रुग्णालयांत हिशेब मांडला तेव्हा कळलं, की मध्यवर्ती नळांतून पुरवलेला हा वायू बहुतांशी रुग्णापर्यंत पोचतच नव्हता, वाटेतच गळत होता.

आपल्याकडे अनेक छोट्या नर्सिंग होमच्या थिएटरमध्ये भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो खोली गार करतो, पण आतलीच हवा फिरवतो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत तासाला किमान २० वेळा हवा बदलणं आणि त्यांतले ४ बदल ताज्या हवेचे असणं अपेक्षित आहे. स्प्लिट एसीला ते जमत नाही.

उपाय महागडेच असतात असं नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसल्यावरच वायू सुरू करायचा. मिनिटाला एक लिटरपेक्षा कमी ताजा वायू सोडून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडा-लाइममध्ये शोषून घ्यायचा आणि उरलेली भूल रुग्णाला पुन्हा द्यायची. सकाळी पहिल्या केसआधी जोडण्यांची गळती तपासायची. सिस्टर गरोदर राहिली की तिची ड्युटी वॉर्डात लावतात; तिच्या जागी येणारीही तीच हवा घेणार असते, म्हणून ड्युटी बदलली त्याच दिवशी मशीनही तपासायला हवं.