नाडीवाचून पाय धरणारा बूट

काउबॉय बुटाला नाडी नसते, बक्कल नसतं, चेनही नसते. पोटरीपर्यंत येणाऱ्या कातडी नळीत पाय सरकवला की झालं. हा साधेपणा जिवाच्या काळजीतून आला आहे. घोड्यानं फेकलं आणि पाऊल रिकिबीत अडकलं, तर स्वार फरफटत जातो. म्हणून टाच उंच, पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ नये यासाठी. तरीही अडकलंच, तर पाय बुटातून निसटावा. मग एरवी हा बूट दिवसभर पायात टिकतो कसा?

केवळ मापावर! पावलाच्या वरचा उंचवटा, बूट धरून राहतो तो मुख्यतः तिथेच. तिथे माप सूतभर चुकलं, तर बूट एक तर चढत नाही, नाही तर पायात खेळत राहतो. म्हणून कारागीर दोन्ही पावलं वेगवेगळी मोजतो. पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर, जिथे गिऱ्हाइकाचं हाड पुढे आलेलं असेल तिथे, कातड्याचा तुकडा चिकटवून उंची वाढवतो. बूट बनवणारे एच. जे. जस्टिन यांनी १८७९ साली टेक्सासमधल्या स्पॅनिश फोर्टला दुकान थाटलं, ते गुरांचे कळप कॅन्ससकडे नेणाऱ्यांच्या वाटेवर. जाताना माप द्यायचं, परतताना बूट न्यायचे. पुढे तर गिऱ्हाइकानं घरीच माप घेऊन टपालानं पाठवावं, अशीही सोय त्यांनी केली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते बुटाच्या पुढच्या तुकड्याचं. कातडं सपाट, पण त्याला पावलावरून जाऊन एकदम नडगीच्या दिशेनं वर वळायचं असतं, आणि त्या वळणावर ना शिवण, ना चुणी. यासाठी कातडं भिजवतात, कोन असलेल्या फळीच्या धारेवर दुमडून पकडीनं ताणतात आणि खिळ्यांनी अडकवतात. वळणावर गोळा झालेल्या सुरकुत्या घासून-घासून कडांकडे सरकवत नाहीशा करतात. ओल्या कातड्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि सुकताना नव्या जागी घट्ट बसतात. फळीवरून उतरवलं, तरी वळण तसंच!

पुढची आणि मागची बाजू उलट ठेवून शिवतात, मग ती जाड नळी ओली करून सुलट करायची, हे अंगमेहनतीचं काम. नळीवरच्या रंगीत शिवणीच्या ओळी शोभेच्याच वाटतात. पण त्या कातडं आणि अस्तर एकजीव करतात, त्यानं नळी ताठ राहते.

तळाच्या पुढच्या भागाला मेणवलेल्या दोऱ्याची शिवण. आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून जातात, त्यामुळे प्रत्येक टाका दोन्हीकडून आवळला जातो. पावलाच्या कमानीखाली मात्र लोखंडी पट्टी असते. जुने कारागीर मोठा खिळा ठोकून चपटा करून वापरत. त्या पट्टीच्या दोन्ही अंगांना तळ जोडतात तो लाकडी खुंट्यांनी, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीच्या. लाकूडच का? लोखंड गंजतं आणि कातडं खातं. लाकूड मात्र ओल लागली की कातड्याबरोबर फुगतं, सुकलं की त्याच्याबरोबर आकसतं. म्हणून स्वाराचं वजन रिकिबीवर जिथे पडतं, नेमका तिथला जोड या खुंट्यांवर सोपवलेला असतो.

नवा बूट घालून चाललं, की टाच आत किंचित उचलली जाते. ती उचलली जायलाच हवी. तळ अजून ताठ असतो. तो लवायला लागला की टाच आपोआप जागेवर बसते.